एप्रिलमधला डोळा आणि चवथीतली मान : मल्टिपल स्क्लेरोसिसचा एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील रुग्ण गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. पहिली तक्रार झाली तेव्हा तिचे वय ३१ वर्षे होते, घरी नवरा, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. नाव, गाव आणि शाळा वगळून बाकीचा घटनाक्रम येथे जसा घडला तसा दिला आहे. तिच्या दोन तक्रारींमध्ये १७ महिन्यांचे अंतर होते, आणि त्या दोन्ही माझ्याच दवाखान्यात, माझ्याच हस्ताक्षरात, एकाच केसपेपरवर लिहिलेल्या होत्या. तरीही त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचायला मला तीन आठवडे जास्त लागले. हा अभ्यास मुख्यतः त्या तीन आठवड्यांविषयी आणि त्याआधीच्या १७ महिन्यांविषयी आहे.

एप्रिल २०२३ मध्ये ती सासूबाईंबरोबर अंगणात रातांबे फोडून सोलांसाठी साली वाळत घालत होती. दोन दिवसांपासून डावा डोळा फिरवला की आतून दुखत होते. सालीचा चीक उडाला म्हणून तिने उजवा डोळा मिटला, आणि सुपातल्या साली एकदम जुन्या विटेच्या रंगाच्या दिसू लागल्या. उजवा उघडून डावा मिटला की त्याच साली पुन्हा रक्तासारख्या लालभडक. तिने हा खेळ चार-पाच वेळा करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन मला याच शब्दांत सांगितला. एका डोळ्याला लाल रंग फिका दिसणे आणि डोळा फिरवताना दुखणे, ही दोन लक्षणे तरुण स्त्रीमध्ये एकत्र आली की दृष्टिमज्जातंतूचा दाह मनात यायला हवा. मी बॅटरीचा प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेऊन बाहुली पाहिली असती, तर डाव्या डोळ्याची बाहुली आकुंचन पावण्याऐवजी मोठी होताना बहुधा दिसली असती. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो. मी ती केली नाही, फक्त नेत्रतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

नेत्रतज्ज्ञांनी निदान बरोबर केले. डाव्या डोळ्याची दृष्टी ६/२४ होती (निरोगी डोळ्याची ६/६). त्यांनी भरती होऊन शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेण्याचा पर्याय समजावून सांगितला आणि मेंदूचा एमआरआय करायला लिहून दिला. घरच्यांनी भरती नको, गोळ्या द्या, असा आग्रह धरला, तो नेत्रतज्ज्ञांनी मानला नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत असे दिसले होते की शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने दृष्टी लवकर सुधारते, पण अखेरची दृष्टी फारशी बदलत नाही. उलट साध्या मात्रेत नुसती तोंडावाटे दिलेली प्रेडनिसोन डोळ्याचा दाह पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढवते. पाच आठवड्यांत डोळा जवळजवळ पूर्ववत झाला. एमआरआय झालाच नाही, त्याची चिठ्ठी कपाटातल्या विम्याच्या पावत्यांत गेली, आणि माझ्या केसपेपरवर 'डावा डोळा – आता बरे' एवढी ओळ राहिली.

डोळा बरा झाला याचा अर्थ आजार संपला असा घरच्यांनी घेतला, यात नवल नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिमज्जातंतू यांतील तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. सूज ओसरली आणि आवरण थोडेफार भरून आले की लक्षण मागे हटते. हे बरे होणेच रुग्णाला आणि डॉक्टरला फसवते. मी फसलो, एवढेच येथे नोंदवतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दुसऱ्या रात्री, माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) बायका फुगड्या घालत असताना, तिने खाली वाकून मान पुढे घातली आणि मानेतून पाठीच्या कण्यावरून डाव्या मांडीपर्यंत वीज उतरल्यासारखे झाले. तिने थांबून पुन्हा मान वाकवली, तर पुन्हा तेच. पुढच्या चार दिवसांत डावा पाय बधिर झाला आणि बेंबीच्या पातळीवर दोरी आवळून बांधल्यासारखे वाटू लागले. एका सकाळी घराच्या पायरीवर डाव्या पायातली चप्पल निसटून राहिली आणि ती दहा पावले पुढे गेली, तेव्हा मागून येणाऱ्या मुलीने सांगितले, "आई, तुझी चप्पल मागे राहिली."

मान वाकवल्यावर कण्यातून वीज जाण्याच्या या अनुभवाला लेर्मिटचे चिन्ह म्हणतात आणि तो मानेतील मज्जारज्जूच्या मागच्या भागाला इजा झाल्याची खूण आहे. मी मात्र मानेचा एक्स-रे काढला, त्यात पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली जागा किंचित कमी दिसली, म्हणून पट्टा दिला. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले, आणि तेवढ्याने माझे समाधान झाले, कारण बी-१२ च्या अभावातही लेर्मिटचे चिन्ह दिसू शकते आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. पण बी-१२ च्या अभावाने होणारी मज्जारज्जूची इजा सहसा आठवडे-महिने हळूहळू वाढते आणि दोन्ही पायांना जवळपास सारखी असते. चार दिवसांत एकाच पायात उतरलेला, वर बेंबीशी ठरावीक रेषेवर थांबणारा बधिरपणा त्या चौकटीत बसत नव्हता. जे उत्तर हाताशी असते ते पुरेसे वाटू लागते, आणि आमच्याकडे बी-१२ नेहमीच हाताशी असते.

तीन आठवड्यांनंतर बी-१२ च्या पाचव्या इंजेक्शनची तारीख पाहण्यासाठी केसपेपर उलटताना 'डावा डोळा' ही ओळ दिसली. त्या दुपारी तिला एमआरआयसाठी पाठवले. या वेळी मेंदूबरोबर संपूर्ण मज्जारज्जूचा आणि कॉन्ट्रास्टसह (ताजे डाग उजळवणारे औषध शिरेतून देऊन).

मेंदूत पार्श्वनिलयांच्या (पाण्याने भरलेल्या पोकळ्यांच्या) कडेने, त्यांना लंब अशा दिशेत, लंबगोल डाग होते. दोन डाग बाह्यकाच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) लगत होते. मानेच्या मज्जारज्जूत तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर डाव्या बाजूला मागे एक छोटा डाग होता, एका मणक्याच्या उंचीहून थोडा मोठा. मज्जारज्जूतील डाग आणि मेंदूतील एक डाग कॉन्ट्रास्टने उजळले, बाकीचे उजळले नाहीत, म्हणजे काही ताजे आणि काही जुने. त्यानंतर ती बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरॉलॉजी विभागात गेली आणि पुढचा निर्णयाचा भाग तेथे झाला. मी येथे तो माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो.

भारतात अशा चित्राकडे पाहताना पहिला प्रश्न 'हे एमएस आहे का' असा नसून 'हे दुसरे काही तर नाही ना' असा असतो. क्षयाच्या गाठी, सार्कॉइड, ल्युपस यांचा विचार झाला आणि त्यांच्या खुणा मिळाल्या नाहीत. खरी काळजी न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या वेगळ्या आजाराची होती, कारण तोही डोळा आणि मज्जारज्जू यांनाच धरतो. २००४ मध्ये मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी त्या आजारातील विशिष्ट अँटीबॉडी शोधली, आणि पुढे ती अ‍ॅक्वापोरिन-४ या पाण्याच्या वाहिनीविरुद्ध असल्याचे कळले. तोवर त्या आजाराला बहुतेक जण एमएसचाच प्रकार समजत होते. हा भेद केवळ नावाचा नाही. बीटा इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड आणि नॅटालिझुमॅब ही एमएसमध्ये उपयोगी असलेली औषधे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकात आजार भडकवू शकतात. त्या आजारात मज्जारज्जूतील डाग बहुधा तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब असतो. हिचा आखूड होता. तरीही अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग (मायलिनवरचे एक प्रथिन) यांविरुद्धच्या दोन्ही अँटीबॉडींची तपासणी जिवंत पेशींवर आधारित पद्धतीने करून घेण्यात आली. नमुना गोव्याबाहेर पाठवावा लागला, आणि दोन्ही अहवाल निगेटिव्ह येईपर्यंत दीर्घकालीन औषध सुरू केले नाही. हा थांबण्याचा निर्णय मला या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. शिरेतून रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन पाच दिवस मात्र लगेच देण्यात आले, कारण ते दोन्ही शक्यतांमध्ये योग्यच होते.

मणक्यातल्या पाण्याची तपासणी म्हटल्यावर सासूबाई घाबरल्या. "पाठीत सुई घातली की माणूस कायमचा अधू होतो" हे त्यांनी कोठेतरी ऐकले होते. कमरेच्या ज्या पातळीवर सुई घालतात तेथे मज्जारज्जू आधीच संपलेला असतो, हे मी कागदावर चित्र काढून दाखवले. पाण्यात असे ऑलिगोक्लोनल पट्टे (ठरावीक अँटीबॉडींच्या खुणा) मिळाले की जे त्याच वेळी घेतलेल्या रक्तात नव्हते; म्हणजे प्रतिकारयंत्रणा मेंदूच्या आत स्वतंत्रपणे काम करत होती.

निदानाचे निकष येथे थोडे तपशीलवार सांगणे आवश्यक आहे, कारण ते याच काळात बदलले. २००१ साली न्यूरॉलॉजिस्ट मॅक्डोनाल्ड यांच्या नावाने आलेले आणि २००५, २०१० व २०१७ मध्ये सुधारलेले निकष दोन गोष्टींवर उभे होते : मज्जासंस्थेतील एकाहून अधिक जागी इजा आणि एकाहून अधिक वेळी इजा. २०१७ च्या निकषांत जागा चार होत्या, आणि त्यांत दृष्टिमज्जातंतू नव्हता. डोळ्याने सुरुवात झालेल्या रुग्णाचा डोळाच हिशेबात धरला जात नव्हता. २०२४ च्या सुधारणेत, जी २०२५ मध्ये छापून आली, दृष्टिमज्जातंतू पाचवी जागा झाला. पाचांपैकी चार जागी इजा आढळल्यास वेळेचा वेगळा पुरावा लागत नाही. मणक्यातल्या पाण्यातील कॅपा मुक्त साखळ्यांची (अँटीबॉडींच्या सुट्या तुकड्यांची) मोजणी ऑलिगोक्लोनल पट्ट्यांच्या बरोबरीने ग्राह्य धरली गेली. एमआरआयमध्ये डागाच्या मधोमध दिसणारी बारीक शीर आणि डागाभोवतीची लोहाची कड, या दोन खुणांनाही स्थान मिळाले. एमएसचा डाग छोट्या शिरेभोवती वाढतो हे शवविच्छेदनातून फार पूर्वी माहीत होते. आता ते जिवंत माणसात पाहता येते, आणि मायग्रेन किंवा रक्तदाबामुळे होणाऱ्या पांढऱ्या डागांपासून एमएस वेगळा काढायला त्याचा मोठा उपयोग होतो.

हिच्या बाबतीत २०१७ चे निकषही पुरे होते. दोन रिलॅप्स (आजाराचे झटके) आणि वेगवेगळ्या जागी डाग. पण डोळ्याच्या पडद्याचे ओसीटी (प्रकाशाने थरांची जाडी मोजणारी तपासणी) करून घेतले तेव्हा डाव्या डोळ्यातील मज्जातंतूंचा थर उजव्याहून ११ मायक्रॉनने पातळ निघाला. ६ किंवा अधिक मायक्रॉनचा फरक नव्या निकषांत दृष्टिमज्जातंतूच्या इजेचा पुरावा मानतात. म्हणजे ज्या डोळ्याला मी 'आता बरे' लिहिले होते, त्यात ६/६ दृष्टी असूनही कायमची झीज शिल्लक होती. एप्रिल २०२३ मध्ये एमआरआय झाला असता तर काही डाग तेव्हाच दिसले असते, अशी शक्यता न उजळलेल्या जुन्या डागांवरून दाट वाटते.

निदान कळल्यावर घरात पहिला प्रश्न आला तो कारणाचा. सासूबाईंना 'कोणाचे काय लागले' हे हवे होते, धाकट्या बहिणीला 'मलाही होईल का' हे, आणि नवऱ्याने मोबाइलवरून एप्स्टाइन-बार विषाणूविषयीचा मजकूर छापून आणला होता. त्याने आणलेली माहिती चूक नव्हती. हार्वर्डमधील अल्बर्टो अशेरियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकी सैन्यातील १ कोटीहून अधिक तरुणांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २० वर्षांत त्यांतील ९५५ जणांना एमएस झाला. या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढत होता, तर तशाच प्रकारे पसरणाऱ्या सायटोमेगालो विषाणूनंतर तो वाढत नव्हता. मज्जातंतूंची झीज दाखवणारे न्यूरोफिलामेंट हे प्रथिनही रक्तात संसर्गाच्या आधी नव्हे, नंतरच वाढताना दिसले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या गटाने दाखवले की विषाणूच्या ईबीएनए-१ या प्रथिनाचा एक तुकडा मेंदूतील ग्लायलकॅम या प्रथिनाशी इतका मिळताजुळता आहे की विषाणूविरुद्ध तयार झालेली अँटीबॉडी मेंदूलाही चिकटू शकते.

पण जगातील दहापैकी नऊहून अधिक प्रौढांना हा संसर्ग झालेला असतो, आणि आपल्याकडे तो बहुधा लहानपणीच, लक्षात न येता, होऊन जातो. ठिणगी सर्वांवर पडते, पेट फारच थोड्यांच्या घरी घेतो. म्हणून नवऱ्याला हवी असलेली, एका खासगी प्रयोगशाळेच्या 'पॅकेज'मधली विषाणूची तपासणी मी करू दिली नाही. तिचे उत्तर आधीच ठाऊक होते आणि त्याने उपचारात काहीही बदलणार नव्हते. बाकीच्या वाट्यात एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा जनुकप्रकार, धूम्रपान, किशोरवयातील लठ्ठपणा आणि ड जीवनसत्त्वाचा अभाव येतात. बहिणीला सांगितले की पाश्चात्त्य देशांत भावंडांमधला धोका शेकडा २ ते ४ इतका मोजला गेला आहे, आणि आपल्याकडे मुळातच आजार कमी असल्याने तिने या विचाराने झोप घालवू नये. गोव्याला जवळचा म्हणून मंगळूर शहरातला अभ्यास सांगता येतो. तेथे लाखात सुमारे ८ रुग्ण आढळले होते.

ड जीवनसत्त्वाचा मुद्दा मात्र तिला थेट लागू होता. समुद्रकाठच्या, वर्षातले आठ महिने ऊन असणाऱ्या गोव्यात तिच्या रक्तातील पातळी दर मिलिलिटरमागे अवघी १४ नॅनोग्रॅम होती. सकाळी सातला वर्गात आणि दुपारी घरात, असा तिचा दिवस. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत पहिल्याच तक्रारीनंतर दर पंधरवड्याला १ लाख एककांचे ड जीवनसत्त्व दोन वर्षे दिले असता आजाराची नवी हालचाल शेकडा ६० जणांत दिसली, ते न घेणाऱ्यांत शेकडा ७४ जणांत. मात्र हा फरक मुख्यतः एमआरआयवरचा होता. मी तिची कमतरता भरून काढली, पण जीवनसत्त्व हे औषधाच्या जागी नाही, सोबतीला आहे, हे नवऱ्याला दोनदा सांगावे लागले.

औषधाच्या निवडीत घरच्यांचा कल 'आधी साधे, मग जोरकस' असा होता, आणि पूर्वी वैद्यकातही तीच रीत होती. आता मत उलट्या बाजूला झुकले आहे, कारण पहिल्या काही वर्षांत झालेली झीज नंतर भरून काढता येत नाही. गोळीच्या स्वरूपात डायमिथाइल फ्युमारेट हा पर्याय होता. टेरिफ्लुनोमाइड गर्भाला घातक असल्याने आणि तिला दुसरे मूल हवे असल्याने बाद झाले. बी पेशी (प्रतिकारयंत्रणेतील एक प्रकारच्या पेशी) काढून टाकणाऱ्या औषधांपैकी ऑक्रेलिझुमॅबला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च एका शिक्षिकेच्या घराला वर्षानुवर्षे पेलणारा नाही. राहिले रिटुक्सिमॅब. ते मूळचे लिम्फोमाचे औषध, आणि भारतात त्याची बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती) आवृत्ती २००७ पासून बनते. स्वीडनमधील २०० रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांत डायमिथाइल फ्युमारेट घेणाऱ्यांपैकी शेकडा १६ जणांना रिलॅप्स झाला, रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी शेकडा ३ जणांना. एमएससाठी त्याची औपचारिक नोंद नसली तरी जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी प्रथमच जी तीन औषधे घेतली, त्यांत क्लॅड्रिबिन आणि ग्लाटिरामरबरोबर रिटुक्सिमॅबही आहे. नवऱ्याचा "कॅन्सरचे औषध कशाला?" हा प्रश्न रास्त होता, आणि त्याला उत्तर द्यायला मला बी पेशींपासून सुरुवात करावी लागली.

औषधाआधी हिपॅटायटिस बी, एचआयव्ही आणि क्षयाच्या तपासण्या झाल्या, इम्युनोग्लोब्युलिनची पातळी मोजली आणि न्यूमोकॉकसची लस दिली. हिपॅटायटिस बीची तपासणी राहून गेली तर झोपलेला विषाणू यकृतात जागा होऊन जिवावर बेतू शकते, म्हणून ती कधीही गृहीत धरू नये. पहिली मात्रा डिसेंबर २०२४ मध्ये १ ग्रॅमची, नंतर दर सहा महिन्यांनी अर्ध्या ग्रॅमची. पहिल्या वेळी घसा खवखवला आणि अंगावर पुरळ उठले. ठिबकीचा वेग कमी केल्यावर दोन्ही थांबले.

२०२५ पासून गोव्यात सहावीपुढचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले, आणि त्याचा एक परिणाम कोणाच्याही ध्यानात नव्हता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साडेअकराच्या सुमारास फळ्यावरची स्वतःचीच अक्षरे तिला डाव्या डोळ्याने पुसट दिसू लागली आणि डावा पाय जड झाला. ती रडतच दवाखान्यात आली. औषध लागू पडले नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. तिला पंख्याखाली बसवले, मानेवर ओला पंचा ठेवला, गार पाणी दिले. ३५ मिनिटांनी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवरील तिथी डाव्या डोळ्याने वाचून दाखवली. आवरण विरळ झालेल्या तंतूतून संदेश जेमतेम जात असतो, आणि शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडखळतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी हे १८९० मध्ये नोंदवले होते. खरा रिलॅप्स २४ तासांहून अधिक टिकतो आणि त्याला ताप किंवा उष्णतेचे कारण नसते. हा फरक माहीत नसेल तर प्रत्येक उन्हाळ्यात विनाकारण स्टेरॉइड दिले जातील. तिच्या मुख्याध्यापकांनी तिचे तास पहिल्या चार तासिकांत बसवले, आणि ती आता पर्समध्ये पाण्याच्या बाटलीसोबत ओला रुमाल ठेवते.

जून २०२५ आणि डिसेंबर २०२५ च्या एमआरआयमध्ये नवा डाग नाही. डाव्या पायाच्या अंगठ्यात बधिरपणा आहे, दुपारी थकवा येतो, मान पूर्ण वाकवली तर वीज अजून किंचित चमकते. २०२५ च्या चवथीत तिने फुगडी घातली, मान सरळ ठेवून.

उरलेला प्रश्न दुसऱ्या मुलाचा आहे. रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकात शेवटच्या मात्रेनंतर १२ महिने गर्भधारणा टाळायला सांगितले आहे. अनेक न्यूरॉलॉजिस्ट त्याहून कमी अंतर मान्य करतात, कारण अशी अँटीबॉडी पहिल्या तीन महिन्यांत वारेतून फारच थोडी जाते आणि औषध शरीरातून गेल्यावरही बी पेशी काही महिने परतत नाहीत. गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, रिलॅप्स कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात, हे १९९८ च्या युरोपीय अभ्यासापासून माहीत आहे. म्हणून जून २०२६ ची मात्रा द्यायची की रोखायची, हे ठरवण्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याबरोबर एकत्र बैठक ठरली आहे. मी दिलेल्या फाइलमध्ये या वेळी केसपेपरची पहिली दोन पाने वर लावली आहेत, एप्रिल २०२३ ची आणि सप्टेंबर २०२४ ची, शेजारी शेजारी.